हवामान बदल : कळलं लवकर, वळलं मात्र नाही

हवामान बदल म्हटलं की खूप जणांना वाटतं हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं प्रकरण आहे, शास्त्रज्ञांना आत्ता कुठे कळायला लागलंय आणि म्हणून जग अजून चाचपडतंय. तसं अजिबात नाहीये. मूळ शोध दीडशेहून जास्त वर्षं जुना आहे, आणि या इतिहासात मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच, की माहिती वेळेवर हातात होती, उशीर झाला तो दुसऱ्याच कारणांनी.

१८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी एक साधा प्रयोग केला. काचेची लांब नळकांडी घेतली, त्यांत थर्मामीटर बसवले, वेगवेगळे वायू भरले आणि उन्हात ठेवून आकडे लिहीत बसल्या. साधी हवा १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत तापली आणि कार्बन डायऑक्साइड १२५ पर्यंत गेला, वर सावलीत आणल्यावर तो थंड व्हायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. त्यावरून त्यांनी लिहून ठेवलं की हवेत हा वायू जास्त असेल तर पृथ्वी जास्त गरम असेल. तो निबंध परिषदेत वाचला मात्र एका पुरुष शास्त्रज्ञाने, आणि नंतर फूट यांचं नाव जवळजवळ विस्मरणातच गेलं, ते अगदी या शतकात पुन्हा वर आलं.

तीन वर्षांनी जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने नेमकं काय होतं ते दाखवलं. ऊन हवेतून आरपार येतं, जमीन तापते, आणि तापलेली जमीन जी उष्णता परत वर सोडते ती नायट्रोजन-ऑक्सिजनला अडवता येत नाही, पण पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ती धरून ठेवतात. पुढे १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने महिनोन् महिने हाताने आकडेमोड करून सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढेल. आजच्या अंदाजापेक्षा हा आकडा जास्त आहे, पण दिशा बरोबर होती. त्याला ही वाढ चांगलीच वाटली, कारण तो थंड देशातला माणूस, आणि त्या काळी कोळसा ज्या वेगाने जळत होता त्या हिशोबाने दुप्पट व्हायला हजारो वर्षं लागणार होती. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने जगभरच्या १४७ वेधशाळांच्या नोंदी गोळा करून दाखवून दिलं की तापमान वाढायला लागलेलंसुद्धा आहे. लोकांनी फार मनावर घेतलं नाही, कारण तेव्हा सगळ्यांचा समज असा की जास्तीचा कार्बन समुद्र पिऊन टाकेल.

हा समज मोडला तो १९५० च्या दशकात, आणि मला वाटतं या सगळ्या गोष्टीतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी १९५७ मध्ये दाखवलं की समुद्र तेवढ्या झपाट्याने हे शोषून घेऊ शकत नाही. झ्यूसने त्याआधीच अजून एक गोष्ट पकडली होती. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जुनं असल्यामुळे त्यात कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर हळूहळू नाहीसा होणारा किरणोत्सर्गी कार्बन, उरलेलाच नसतो, त्यामुळे ते जाळत गेलो की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत जातं, आणि झाडांच्या खोडातल्या वर्तुळांत ते तसं दिसलंच. म्हणजे वाढलेला कार्बन ज्वालामुखीतून आला का समुद्रातून हा प्रश्न आजही लोक विचारतात, त्याचं उत्तर सापडायला तेव्हाच सुरुवात झाली होती.

मग १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंगने हवाईमध्ये मौना लोआ डोंगरावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं मोजमाप सुरू केलं, शहरं आणि कारखान्यांपासून लांब, समुद्राच्या मधोमध. पहिला आकडा होता दर दहा लाख भागांत साधारण ३१३ भाग. महिन्याभराने बघावं तर वर, मग पुन्हा खाली, आणि वर्षभराने लक्षात आलं की उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात पालवी धरून कार्बन ओढतात आणि थंडीत परत सोडतात, तेच या आलेखात उमटतंय. पण दरवर्षीची ती वरखाली रेघ आधीच्या वर्षापेक्षा थोडी वर सरकलेली असायची. उद्योगधंदे वाढायच्या आधी हे प्रमाण २८० च्या आसपास होतं, २०२४ ची सरासरी ४२० च्या वर गेलीय.

१९६५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना त्यांच्याच सल्लागारांनी याबद्दल लेखी इशारा दिला. १९७७ मध्ये एक्सॉन या तेल कंपनीला तिच्या स्वतःच्या शास्त्रज्ञाने सांगितलं, आणि १९८२ च्या अंतर्गत कागदांत पुढच्या काही दशकांचा जो अंदाज काढला होता तो प्रत्यक्षाच्या खूप जवळ निघाला. तरी बाहेर लोकांना सांगितलं गेलं की विज्ञान अजून कच्चं आहे, थांबा. या भागाचा मला खरंच राग येतो, कारण आतले लोक बरोबर होते आणि कंपनीला ते माहीत होतं. १९८८ मध्ये नासाच्या जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने अमेरिकन सिनेटसमोर स्पष्ट सांगितलं की तापमानवाढ सुरू झालेली आहे, त्याच वर्षी आयपीसीसी ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, मग १९९२ चा रिओचा करार, १९९७ चा क्योटो, जो अमेरिकेने कधी मंजूरच केला नाही, आणि २०१५ चा पॅरिस. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांच्या बाबतीत १९८७ चा मॉन्ट्रियल करार पटकन झाला आणि चाललाही, पण तिथे पर्यायी रसायनं तयार होती आणि बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या. कोळसा-तेल मात्र वीज, गाड्या, सिमेंट, खत सगळ्यात शिरलेलं.

उशीर इतका महागात का पडतो, तर कार्बन डायऑक्साइड वर गेला की त्यातला बराचसा शेकडो वर्षं तिथेच राहतो, साठत जातो. कोळसा, तेल आणि गॅस जाळून माणसाने आजवर जेवढा सोडला त्यातला निम्म्याहून जास्त १९९० नंतरचा आहे, म्हणजे सगळं कळल्यानंतरचा.

परिणाम आता अंदाजाच्या पलीकडे गेलेत. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणून पाऊस पडला तर एकदम कोसळतो आणि नाही पडला तर तीच तहानलेली हवा जमिनीतली ओल ओढून घेते, पूर आणि दुष्काळ एकाच कारणाने. जास्तीच्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रात जाते, पाणी फुगतं, प्रवाळ पांढरे पडून मरतात, आणि १९०० पासून समुद्राची पातळी जगभरात सरासरी २० सेंटीमीटरच्या आसपास वाढलीय. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपसारख्या श्रीमंत भागात उष्णतेने अंदाजे ७० हजार माणसं दगावली, त्यात बहुतेक म्हातारी माणसं. २०२२ च्या पाकिस्तानातल्या पुराचा फटका ३ कोटी ३० लाख लोकांना बसला, आणि जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. आयपीसीसीच्या अहवालात आहे की २०१० ते २०२० मध्ये पूर, दुष्काळ आणि वादळांनी झालेले मृत्यू सगळ्यात असुरक्षित भागांत सुरक्षित भागांच्या १५ पट होते.

मग भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्नही जुनाच. १९९१ मध्ये वनुआतू या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या देशाने छोट्या बेटांच्या वतीने सुचवलं होतं की समुद्र वाढून जे नुकसान होईल त्यासाठी श्रीमंत देशांच्या पैशातून विमा निधी उभा करा. ते बाजूला ठेवलं गेलं. नुकसानभरपाईचा निधी काढायचं ठरलं ते २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत, आणि २०२३ मध्ये दुबईत त्यात पैशांची पहिली आश्वासनं आली ती साधारण ७० कोटी डॉलरची, जे एका मोठ्या वादळाच्या नुकसानीपुढेही फारच थोडे आहेत.

दरम्यान २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी उचल खाल्ली की हे आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचं, वनुआतूने ते पुढे रेटलं, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२३ मध्ये प्रश्न कोर्टाकडे पाठवला. २३ जुलै २०२५ ला हेगच्या न्यायालयाने एकमताने सांगितलं की हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडली तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, थेट बंधनकारक नाही, पण देशोदेशीच्या कोर्टात हवामानाचे जे खटले चालू आहेत तिथे आता वकिलांना ते समोर ठेवता येतं.