मॅक अॅड्रेस बदलताच येत नाही?

"मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) कार्डात कायमचा कोरलेला असतो, म्हणून वायफायला मॅक फिल्टर (ठरावीक नंबरांनाच आत घेणारी यादी) लावला की झालं" हे बडोद्यात आमच्या दांडिया बाजारच्या ग्रुपवर कितीदा फिरलंय, आणि पटतं पण, कारण कारखान्यात नंबर खरंच घालतात. पण ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तो वाचून मेमरीत ठेवतो आणि पुढे तीच कॉपी चालते, ती बदलता येते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवा नंबर दिला तर सहसा एवढंच बघतात की ४८ बिट सगळे शून्य नाहीत ना, मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवायचा पत्ता) नाही ना, नंबर खरा कुणाचा हे कुणी विचारतच नाही. स्वतः बघा, फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये रँडम मॅक चालू करा, तिथल्या मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई दिसेल, म्हणजे हा कारखान्यातला नाही. नंबर असा बदलता येतो, म्हणून फिल्टर लावलेला असला तर असू दे, पण पासवर्ड मात्र लांबलचक ठेवा.