ट्रॅकवर आधी उकळतं ते ब्रेक ऑइल

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मी रोजच्या वापरातली हॅचबॅक पहिल्यांदा नेली, तेव्हा चार फेऱ्या छान झाल्या. पाचव्या फेरीत सरळ पट्टा संपताना ब्रेक दाबला आणि पेडल मऊ पडून खाली गेलं. दोन-तीनदा पटापट दाबल्यावर गाडी आवरली. नंतर चाकं काढून पाहिलं, तर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणारे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक होते आणि गळती कुठेच नव्हती. उकळलं होतं ते ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा जोर चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणारा द्रव.

हिशोब साधा आहे. ११०० किलोची गाडी ताशी १५० किलोमीटरवरून ७० वर आणायची, तर सुमारे साडेसात लाख ज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. एवढ्या उष्णतेत सव्वादोन लिटर पाणी सहज उकळेल, आणि हे सगळं जेमतेम तीन सेकंदांत. थोडा भार हवा उचलते, बाकीचा बहुतेक सगळा डिस्क आणि पॅडवर. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित लागतो, ट्रॅकवर दर फेरीला अनेकदा. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्या गाडीमागे जो करपट वास येतो, तो याच तापण्याचा.

ही उष्णता पॅडमागच्या पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येऊ शकते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पायाचा जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो.

म्हणून पहिला खर्च ताज्या, चांगल्या ऑइलवर करा आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा नीट काढून घ्या. दुसरा पॅडवर. साध्या पॅडमधली राळ अती तापली की वायू सोडते आणि पकड घसरते. ट्रॅकचे पॅड ही उष्णता सोसतात, पण गार असताना त्यांतले बरेच नीट धरत नाहीत, त्यामुळे तेच लावून रोज ऑफिसला जाऊ नये. मोठ्या डिस्क आणि पॅड दाबणारे भारी कॅलिपर दिसायला सुंदर असतात. मात्र गाडी किती अंतरात थांबेल, हे शेवटी टायरची पकड ठरवते. मोठ्या डिस्कचा खरा फायदा म्हणजे ती जास्त उष्णता पोटात घेते.

इंजिनची ताकद वाढवण्याआधी त्याच्या ऑइलकडे बघा, असं मी आग्रहानं सांगेन. लांब वळणात गाडीवर ०.९ जी, म्हणजे तिच्या वजनाच्या ०.९ पट, इतका आडवा जोर आला, तर इंजिनच्या तळाच्या चेंबरमधल्या ऑइलची पातळी सुमारे ४२ अंशांनी कलते. सगळं ऑइल एका बाजूला जातं आणि पंपाची नळी हवा ओढते. इंजिनच्या पिस्टनचा जोर पुढे नेणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग ज्या ऑइलच्या थरावर तरंगतं, तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ असतो. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो. चेंबरमध्ये ऑइल एका बाजूला जाऊ न देणारे आडपडदे बसवले आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल ठेवलं, तर हा धोका बराच कमी होतो.

शेवटची फेरी सावकाश मारा, ब्रेक जवळजवळ न लावता. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहिले, तर तेवढाच भाग वेगळ्या गतीनं थंड होतो आणि नंतर पेडल थरथरायला लागतं. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली उटी लावा.