पळून थांबल्यावर छाती का वाजते?

डिसेंबरात पारा घसरला की परभणीच्या कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात येतो आणि आमच्या घरी भाच्याच्या पळण्यावरून वाद सुरू होतो. पोरगा पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करतोय, लहानपणापासून दमा आहे. "थंडी छातीत भरते," हे ताईचं ठरलेलं. पण पळताना त्याला फारसं काही होतच नाही. पळून झाल्यावर गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो आणि पाच-सात मिनिटांनी छातीत बारीक शिट्टी वाजू लागते.

थंडी बिंडी काही भरत नाही. भानगड पाण्याची आहे.

फुप्फुसात खोल जाईपर्यंत हवा ३७ अंशांची आणि बाष्पाने गच्च व्हावी लागते. तशा एका लिटरमध्ये सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असतं. पहाटेच्या १० अंशांच्या हवेत, अगदी धुकं पडलं तरी, ९ च्या आसपास. उरलेलं ३५ मिलिग्रॅम आपल्या श्वासमार्गाने घालायचं. बसल्या जागी मिनिटाला ६-७ लिटर हवा लागते, तेवढं नाक सहज सांभाळतं. पळताना ६० लिटर लागते, तोंड उघडतं, नाक बाजूला पडतं. गुणाकार करा: मिनिटाला दोन ग्रॅम पाणी! थोडं उच्छ्वासात परत मिळतं, हे खरं. पण श्वासनलिकेच्या पहिल्या दहा फाट्यांवरचा द्रवाचा थर सगळा मिळून १ मिलिलिटरही भरत नाही.

चुलीवर विसरलेली आमटी आटते आणि खारट होते. मीठ तेवढंच, पाणी गेलेलं. या थराचंही तेच. तो खारट झाला की शाळेत शिकलेल्या परासरणाने शेजारच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्यात मास्ट पेशी असतात, म्हणजे ॲलर्जीत भडकणाऱ्या पेशी. त्या हिस्टामिन, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन डी२ अशी रसायनं सोडतात आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. पळताना मोठे श्वास नळ्या ताणून धरतात, थांबलं की तो आधार जातो. त्रिज्या निम्मी झाली तर हवेला अडथळा १६ पट. म्हणूनच थंडी अजिबात न लावता, नुसता तीव्र खारट पाण्याचा फवारा किंवा मॅनिटॉल या साखरेच्या जातीतल्या पदार्थाची पूड हुंगवूनही दम्याची तपासणी करता येते. उष्ण पण कोरडी हवाही हेच करते.

हा झटका तासाभरात बहुधा ओसरतो. पडशाचं तसं नाही. पडशाचा विषाणू, ऱ्हायनोव्हायरस, नळीचं अस्तरच दुखावतो, सूज आणि कफ दिवसेंदिवस राहतात. मुलांच्या बहुतेक मोठ्या झटक्यांमागे विषाणूच सापडतात. तिथे नुसता नळी मोकळी करणारा पंप पुरत नाही, सूज उतरवणारा रोजचा पंप लागतो. "पंपाची सवय लागते" म्हणत तो बंद करणारे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. तेच लोक मृग लागला की जिवंत मासा गिळायला हैदराबाद गाठतात, नाहीतर कोजागिरीच्या खिरीतलं औषध शोधतात. दमा मुळात चढतो-उतरतो. उतारावर जे घेतलं त्याला श्रेय मिळतं.

भाचा आता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप घेतो, आधी दहा मिनिटं हळू पळतो आणि नाकातोंडावर सुती रुमाल बांधतो. परवा पळून आल्यावर त्याने तो सोडून ताईच्या हातात दिला. आतल्या बाजूने ओला होता. ताई म्हणाली, "घामाने भिजलाय." मी म्हटलं, घाम नव्हे, श्वासातलं पाणी आहे ते.