साथीच्या दिवसांतली ज्युरी

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस एडिंबरातल्या एका ओडियन थिएटरात वेगळाच खेळ लागला. प्रेक्षक पंधरा, मधल्या खुर्च्या रिकाम्या, आणि पडद्यावर चौकोन पाडलेले: न्यायाधीश, वकील, साक्षीदार, आरोपी. हे पंधरा जण म्हणजे ज्युरी. स्कॉटलंडमध्ये फौजदारी ज्युरी पंधरा जणांची असते, आणि कोरोनाचं अंतर राखून एवढी माणसं कोर्टात मावेनात. तिकडे कोर्टात, आरोपीसमोर, स्क्रीनवर त्यांचे नुसते चेहरे. त्याआधी मार्चअखेरीस गंभीर खटलेही ज्युरीविना चालवायची तरतूद सरकारने विधेयकात घातली होती. वकिलांनी असा काही गिल्ला केला की दुसऱ्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली.

बसायची सोय झाली, पण मनाचं काय? जीव मुठीत धरून बसलेला माणूस आरोपीकडे कोणत्या नजरेने बघतो?

यावर हमखास दाखला दिला जातो तो १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा. अमेरिकेत टूसॉन शहरातल्या बावीस न्यायाधीशांपुढे वेश्याव्यवसायाचा आरोप असलेल्या बाईचं एक काल्पनिक प्रकरण ठेवलं. त्यातल्या काहींना आधी स्वतःच्या मृत्यूबद्दल दोन प्रश्न विचारले होते. त्यांनी जामिनाची रक्कम सरासरी ४५५ डॉलर ठरवली, बाकीच्यांनी ५०. आकडा डोळ्यांत भरणारा आहे खरा. पण ते न्यायाधीश होते, ज्युरर नव्हेत, संख्या बावीसच, आणि मृत्यूची आठवण झाली की माणूस आपली मूल्यं घट्ट धरतो, या त्यामागच्या सिद्धांतावरचा दुसरा एक गाजलेला प्रयोग पुढे अनेक प्रयोगशाळांनी मोठ्या प्रमाणावर करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. घाबरलेली ज्युरी कडकच वागणार, असं त्यावरून छातीठोकपणे सांगणं मला तरी पटत नाही.

साथ आणि ज्युरीचं नातं तसं जुनं. १५७७ मध्ये ऑक्सफर्डला कोर्ट भरलं असताना तुरुंगातला ताप पसरला आणि शेकडो माणसं दगावली, त्यांत न्यायाधीश आणि ज्युररही. लंडनचं ओल्ड बेली कोर्ट १६७३-७४ मध्ये नव्याने बांधलं तेव्हा कैद्यांचा ताप इतरांना लागू नये म्हणून एक बाजू मुद्दाम उघडी ठेवली होती. १७३७ मध्ये ती बंद केली. १७५० मध्ये त्याच कोर्टात ताप पसरून लंडनचा लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश आणि इतर कित्येक जण मेले. मग कोर्टात सुवासिक वनस्पती ठेवायची पद्धत पडली. वास गेला की रोग गेला, अशी तेव्हाची समजूत!

साथीत आधी बदलतं ते ज्युरीत कोण बसतं, हे. २०२० मध्ये अमेरिकेत वयस्कर, आजारी, घरी कुणाचं करावं लागणारी माणसं सूट मागत होती आणि ती मिळतही होती. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांना साथीचा तडाखा जास्त बसला होता. ज्युरीची यादी समाजाच्या सर्व थरांतून आली पाहिजे, हा तिथल्या सुप्रीम कोर्टाचा १९७० च्या दशकातला दंडक. त्यामुळे यादीतून कोण गळलं, हा बचावाचा मुद्दा झाला.

आपल्याकडे याचं एक उदाहरण आहे, पण प्लेगच्या इतिहासात ज्युरीकडे फारसं कुणी बघत नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला (मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी बाहेर काढला तो हाच). मार्चपासून पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोजीर घरं तपासू लागले, स्वयंपाकघरात आणि देवघरातही शिरू लागले. मे अखेरीस साथ ओसरली, राग नाही ओसरला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आठवडाभर आधी, १५ जूनच्या ‘केसरी’त, शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता छापून आली होती. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला तो त्या मजकुरावरून. खुनाचा आरोप त्यांच्यावर नव्हता.

८ सप्टेंबरला मुंबई हायकोर्टात न्या. स्ट्रेची यांच्यासमोर नऊ जणांची ज्युरी बसली: सहा युरोपियन, तीन हिंदी. लेख मराठी, खटला भाषांतरावर. राजद्रोहाच्या कलमातला कळीचा शब्द ‘डिसअफेक्शन’; त्याचा अर्थ सरकारबद्दल प्रेमाचा अभाव, असं स्ट्रेचींनी ज्युरीला सांगितला. मुंबईतली इंग्रजी पत्रं महिनोन्‌महिने टिळकांचं नाव खुनांशी जोडत होती. १४ तारखेला निकाल आला, सहा विरुद्ध तीन: युरोपियन एका बाजूला, हिंदी दुसऱ्या. शिक्षा दीड वर्ष सक्तमजुरी. हायकोर्टात नवांतले किमान सहा एका मताचे आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत, एवढं तेव्हाच्या कायद्याला पुरे होतं. पाचच असते तर ती ज्युरी बरखास्तच करावी लागली असती.

ज्युरी मत ठरवत होती तेव्हा रँडचे मारेकरी मोकळेच होते. दामोदर चाफेकर हाती लागला तो ऑक्टोबरात, टिळक तुरुंगात गेल्यावर.