माशाच्या कानातला खडा तपासायला पाठवताना

घोळ किंवा ढोमा कापताना डोक्यात पांढरा टणक खडा सापडतो, तो ऑटोलिथ. माशाच्या दोन्ही कानांत असे तीन-तीन खडे असतात. मासा कुठल्या पाण्यात जन्मला आणि वाढला हे आमच्या प्रयोगशाळेत त्यावरून तपासतो, बहुधा सर्वांत मोठ्या खड्यावरून. सुरमईचा खडा अंगाच्या मानाने फारच बारीक, म्हणून तो काढताना जपा. मुशी आणि पाकटांना असा खडा नसतो, त्यांचे नमुने पाठवू नका.

खडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. मासा जगतो तोवर त्यावर थर चढत राहतात, लहान पिलांत तर रोज एक. चढलेला थर शरीर परत शोषून घेत नाही, म्हणून जन्मापासूनची नोंद तशीच टिकते. भोवतालच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम आणि बेरियम (दोन्ही धातू) थोडंथोडं त्या थरांत अडकतं. साधारणपणे समुद्रात राहिल्याच्या काळात स्ट्रॉन्शियम वाढतं, तर नदीच्या पाण्याजवळ बेरियम. गाभ्यातून जन्माच्या वेळचं पाणी कळतं, कडेवरून पकडण्याआधीचं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घोळीच्याच कुळातला वीकफिश नावाचा मासा आहे. तिथल्या संशोधकांनी 1996 मध्ये पाच खाड्या-उपसागरांतली पिलं पकडून प्रत्येक ठिकाणची रासायनिक ओळख आधी पक्की केली. मग 1998 मध्ये अंडी घालायला आलेल्या दोन वर्षांच्या माशांचे गाभे तिच्याशी ताडून पाहिले. 60 ते 81 टक्के मासे जन्मले त्याच पाण्यात परतले होते! एका खाडीतली मासळी उपसली तर शेजारची खाडी ती भरून काढेलच, असं धरून चालता येत नाही, हे यातून दिसलं. उत्तर ऑस्ट्रेलियात खुद्द घोळीवरही खड्यांचं रसायन, जनुकं आणि परजीवी असे तिन्ही पुरावे जोडून काम झालं आणि तिथले गटही वेगवेगळे निघाले. बोतासाठी, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी, घोळीची एवढी मागणी असताना आपल्या किनाऱ्यावरही हे तपासलं जावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

म्हणूनच आमचा आग्रह आहे, मोठ्या माशांबरोबर, ते ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षीच्या पिलांचे तेव्हाच घेतलेले नमुनेही ठिकाणवार हवेत. ती तुलना नसेल तर 'हे दोन मासे वेगळ्या पाण्यात वाढले' एवढंच आम्ही सांगू शकतो, कुठल्या खाडीत ते नाही. शिवाय पाण्याचं तापमान, क्षारता आणि माशाची वाढ यांचाही आकड्यांवर परिणाम होतो. दोन ठिकाणचं पाणी सारखंच असेल तर खडेही सारखेच दिसतात.

खडा प्लास्टिकच्या चिमट्याने काढा, धातूच्या नको. चिकटलेला पडदा आणि रक्त स्वच्छ पाण्याने धुऊन खडा वाळवा, मग कोरड्या प्लास्टिकच्या कुपीत ठेवा. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला मासा किंवा खडा आम्ही घेत नाही, कारण त्याने खडा झिजतो आणि आकडे बिघडतात. मासा बर्फात किंवा फ्रीझरमध्ये ठेवला तर हरकत नाही. कुपीवर पकडल्याची जागा, तारीख, माशाची लांबी, वजन आणि खडा डावा की उजवा हे लिहा. काचेसारखा पारदर्शक खडा निघाला तर दुसऱ्या कानातलाही पाठवा. तसल्या खड्याची स्फटिकरचना वेगळी असते आणि त्यात स्ट्रॉन्शियम फार कमी भरतं.

इथे आल्यावर खडा राळेत बसवून हिऱ्याच्या पात्याने गाभ्यातून कापतो, घासून गुळगुळीत करतो आणि लेसरने गाभ्यापासून कडेपर्यंत मोजणी करून घेतो. खडा यात कापला जातो, म्हणून आधी त्याचा फोटो काढून ठेवा.