चालू घडामोडी व राज्यघटना संच: घेण्यापूर्वी हे जरूर वाचा

परीक्षा जवळ आली की आमच्या काउंटरवर एकच विचारणा सुरू होते: ‘परवाची ती बातमी संचात आली का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘अजून नाही’ असंच असतं. मग विद्यार्थी वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणतात, दोन-तीन दिवस झेरॉक्स काढण्यात घालवतात आणि शेवटी विचारतात, यातलं नेमकं लिहायचं काय? एलएलबीचे विद्यार्थी हे विचारतात, तसेच जीपीएससीची (गोवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणारेही. सगळ्यांना एकदाच सविस्तर सांगावं म्हणून हे पत्रक.

आमचा नियम असा की न्यायालयाचा आदेश किंवा राजपत्रातला मूळ मजकूर वाचल्याशिवाय कुठलीही घडामोड संचात जात नाही. त्यामुळे ती थोडी उशिरा येते. पण ज्या चुकीपायी विद्यार्थ्यांचे सर्वांत जास्त गुण आणि दिवस जातात, ती याच घाईतून होते. पहिल्या दिवशीची बातमी म्हणजेच कायदा असं समजून उत्तर लिहिलं जातं.

आपल्या गोव्यातलंच पक्षांतराचं उदाहरण घ्या. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. त्याआधी मार्च महिन्यात मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाच्या तिघांपैकी दोघे गेले होते. यावर आलेल्या बहुतेक उत्तरपत्रिकांमध्ये घटनाक्रम चोख असतो. कोण कुठे गेलं, कोणाला मंत्रिपद मिळालं, सगळं. पण दहाव्या परिशिष्टाचा, म्हणजे राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदी कायद्याचा, कुठला परिच्छेद लागू झाला, हे नसतं. काही जण तर ‘एक तृतीयांश सदस्य फुटले की अपात्रता टळते’ असं आजही लिहितात. ती तरतूद परिच्छेद ३ मध्ये होती आणि २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती काढून टाकली. आता उरला आहे परिच्छेद ४, म्हणजे विलीनीकरण, आणि त्यासाठी विधिमंडळ पक्षाच्या (सभागृहातल्या त्या पक्षाच्या आमदारांच्या गटाच्या) किमान दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. १५ पैकी १० आणि तिघांपैकी दोघे, हे आकडे त्या अटीशी ताडून पाहा.

खरा वाद याच्यापुढचा आहे. मूळ राजकीय पक्ष विलीन झालेला नसताना केवळ आमदारांच्या संमतीवर विलीनीकरण मानता येतं का? सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये अपात्रता याचिका फेटाळल्या आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँग्रेसच्या ११ पैकी आठ आमदारांनी तोच मार्ग धरला. पुढे महाराष्ट्रातल्या शिवसेना फुटीच्या सुभाष देसाई प्रकरणात ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की व्हिप (पक्षाचा प्रतोद) आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. गोव्याचा निकाल आणि ही भूमिका समोरासमोर ठेवून जो विद्यार्थी लिहितो, त्याचं उत्तर परीक्षक थांबून वाचतो. पहिल्या दिवशीच्या कात्रणात यातलं काहीच सापडणार नाही.

राज्यपालांच्या बाबतीत घाईचा फटका आणखी मोठा बसतो. तमिळनाडूच्या विधेयकांवर ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी निकाल दिला, राज्यपालांसाठी मुदती आखल्या आणि दहा विधेयकं संमत झाल्याचं मानलं. त्या आठवड्यात झेरॉक्स काढलेले विद्यार्थी आजही ‘राज्यपालांना तीन महिन्यांची मुदत आहे’ असं ठासून लिहितात. पण राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचं मत मागून प्रश्न विचारले आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिलं. न्यायालय अशा ठरावीक मुदती घालू शकत नाही आणि ‘मानीव संमती’ घटनेत बसत नाही, असं त्या पीठाने सांगितलं. मात्र कारण न देता विधेयक दीर्घकाळ अडवून ठेवलं तर निर्णय घेण्यापुरता मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकतं, हेही नमूद केलं. अनुच्छेद २०० (विधेयकांना राज्यपालांची संमती) वरचं उत्तर या दोन्ही तारखांशिवाय पूर्ण होत नाही.

आमच्या मते गोव्याने देशाला दिलेलं सर्वांत मोलाचं उदाहरण वेगळंच आहे आणि विद्यार्थी ते क्वचितच मागतात. २०२० मध्ये राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सरकारच्या कायदा सचिवांकडेच देण्यात आला होता. मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पालिकांच्या प्रभाग आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा वर्तमानपत्रांतून ती पालिका निवडणूक लांबणीवर पडल्याची बातमी होती. पण १२ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २४३-के समोर ठेवून सांगितलं की सरकारी पद सांभाळणारी व्यक्ती राज्य निवडणूक आयुक्त असू शकत नाही. हे सगळ्या राज्यांना लागू झालं. पंचायत राज, निवडणूक आयोगाची स्वायत्तता आणि अनुच्छेद १४२ (पूर्ण न्यायासाठी आदेश देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार), तिन्ही विषयांत हा निकाल उपयोगी पडतो, म्हणून आमच्या संचात तो तिन्ही ठिकाणी दिला आहे.

२०१७ चं सत्तास्थापनेचं प्रकरण (४० पैकी काँग्रेस १७, भाजप १३, १६ मार्चला विधानसभेत बहुमत चाचणी) अनुच्छेद १६४ खाली आहे. समान नागरी कायदा अनुच्छेद ४४ खाली, म्हादई नदीच्या पाण्याचा वाद अनुच्छेद २६२ खाली. विधानसभेतल्या अनुसूचित जमातींच्या जागांचा २०२५ चा कायदा अनुच्छेद ३३२ खाली आहे. तिथेही ‘आरक्षण मिळालं’ एवढंच लिहून थांबू नका. लोकसंख्या निश्चित करणं आणि मग निवडणूक आयोगाने मतदारसंघांची फेररचना करणं हे त्या कायद्यातले टप्पे आहेत, ते लिहा.

यावरून लक्षात आलंच असेल की संच तारखेप्रमाणे लावलेला नाही, अनुच्छेदाप्रमाणे लावला आहे. म्हणून दुकानात येताना ‘तो आमदारांचा विषय’ असं न सांगता ‘दहावं परिशिष्ट’ असं सांगितलंत, तर पान एका मिनिटात निघतं. अनुच्छेद माहीत नसेल तर खुशाल विचारा, सांगायला आम्हाला आवडतं. फक्त परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गर्दीत ते जमत नाही.

नुसत्या कात्रणांपेक्षा आमचा संच महाग पडतो, हे खरं आहे. प्रत्येक प्रकरणात वादाचा मुद्दा, निकालाचा सारांश आणि आजची स्थिती सोप्या मराठीत दिलेली असते, आणि इंग्रजीतून पेपर लिहिणाऱ्यांसाठी खटल्याचं नाव व संज्ञा इंग्रजीतही छापलेल्या असतात. त्यामागे निकालपत्रं वाचण्याचं काम आहे, त्याचे ते पैसे आहेत. संपूर्ण संच नको असेल तर एकेका अनुच्छेदाची पुस्तिका सुटीही मिळते.

ज्यांच्याकडे आमचा जुना संच आहे त्यांनी नवा घेऊ नये. जुना घेऊन या. त्यानंतर आलेल्या निकालांच्या दुरुस्ती-चिठ्ठ्या आम्ही विनामूल्य देतो आणि योग्य पानावर चिकटवूनही देतो. नोव्हेंबर २०२५ पूर्वी घेतलेल्या संचांना अनुच्छेद २०० ची चिठ्ठी लावणं अत्यावश्यक आहे, ती आधी घेऊन जा.