छायाचित्र संस्करण : संगणकीय सर्जक तंत्रे

छायाचित्र टिपून झाल्यावर त्यातील उजेड, रंग, धार किंवा आशय यांत जाणीवपूर्वक केलेला बदल म्हणजे छायाचित्र संस्करण. रोजच्या बोलण्यात फोटो एडिटिंग. क्षितिज सरळ करणे, कडा छाटणे, रंगांचा तोल सावरणे ही दुरुस्ती झाली. दोन चित्रांचे एक करणे, रंग बदलून भाव पालटणे, दिसले त्यापेक्षा वेगळे काही दाखवणे ही सर्जक तंत्रे होत. प्रस्तुत नोंद डेस्कटॉप संगणकावर नवशिक्याला साधणाऱ्या सर्जक तंत्रांविषयी आहे. त्यांपैकी बहुतेक तंत्रे अंधारखोलीत, म्हणजे फिल्म धुण्याच्या आणि छापण्याच्या खोलीत, जन्मली. त्यांमागची मूळ क्रिया एकदा उमगली की सॉफ्टवेअर बदलल्यानेही अडत नाही.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील काचेच्या निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. जमिनीसाठी योग्य उजेड दिला की आकाश पांढरेफटक उमटे आणि ढग नाहीसे होत. ढगांची निगेटिव्ह वेगळी घेऊन छापताना जोडावी, ही सूचना इपोलीत बायार याने १८५२ मध्ये केली. गुस्ताव ल ग्रे याच्या १८५६-५७ च्या सुमाराच्या सागरचित्रांपैकी काहींत समुद्र एका निगेटिव्हचा, तर आकाश दुसऱ्या निगेटिव्हचे आहे. ऑस्कर रेलँडर याने १८५७ मध्ये तिसाहून अधिक निगेटिव्ह जोडून मोठे रूपकचित्र सिद्ध केले. बहुतेक ग्रंथ बत्तीस हा आकडा देतात. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हांतून मरणासन्न मुलीचे दृश्य उभे केले. ते जुळवलेले आहे हे कळताच काही प्रेक्षक दुखावले. संस्करणाच्या नीतीविषयीचा वाद तेव्हापासूनचा आहे.

एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापणारे यंत्र, त्याखाली प्रकाश अडवून भाग उजळ ठेवणे आणि हाताच्या फटीतून जादा प्रकाश देऊन भाग गडद करणे, ही दोन कामे छपाई करणाऱ्याच्या रोजची होती. संगणकावरील डॉज आणि बर्न या साधनांची चिन्हे म्हणजे काडीला लावलेला पुठ्ठा आणि वळवलेला हात. ज्याने अंधारखोली कधी पाहिली नाही त्यालाही ती चिन्हे तिचीच आठवण देतात.

लेयरचा उगम : आजच्या सर्व सर्जक तंत्रांचा पाया लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले आणि स्वतंत्रपणे बदलता येणारे चित्राचे थर, हा आहे. तो प्रथम कोणी आणला याविषयी एकवाक्यता नाही, आणि उत्तर लेयर कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्र रंगवून ते स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याची रीत व्यंगचित्रपटांत १९१० च्या दशकापासून रूढ होती. संगणकात हीच कल्पना आणायची तर प्रत्येक चित्रबिंदू किती पारदर्शक आहे हे नोंदवणे भाग होते. लाल, हिरवा आणि निळा यांच्या जोडीला पारदर्शकतेची चौथी वाहिनी ठेवण्याचे श्रेय सामान्यतः आल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांना दिले जाते. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील त्यांचे हे काम १९७७-७८ च्या सुमाराचे. दोन रंगांचे मिश्रण मांडणाऱ्या सूत्रात प्रमाणासाठी अल्फा हे ग्रीक अक्षर वापरले जाई, म्हणून ती अल्फा वाहिनी झाली.

सूत्र साधे आहे. वरच्या थराचा रंग अल्फाने गुणावा, खालचा रंग एक वजा अल्फाने गुणावा आणि दोन्हींची बेरीज करावी. अल्फा ०.२५ असेल तर वरच्या रंगाचा पाव हिस्सा आणि खालच्याचा पाऊण हिस्सा दिसतो. ब्रूस वॉलेस याने १९८१ मध्ये परावर्तन आणि पारगमन यांच्या भौतिक विचारातून थर एकावर एक ठेवण्याचे गणित स्वतंत्रपणे मांडले. टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये त्याला व्यवस्थित बीजगणिताचे रूप दिले. रंग आधीच अल्फाने गुणून साठवावा, हे त्यांचे प्रतिपादन पुढे फार उपयोगी ठरले.

घरगुती संगणकापर्यंत हे सारे उशिरा पोचले. टॉमस नोल याने १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात शिकत असताना लिहायला घेतलेला आणि भाऊ जॉन याच्या साथीने वाढवलेला फोटोशॉप हा प्रोग्राम फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत लेयर नव्हते. चिकटवलेला तुकडा तात्पुरता तरंगत असे. निवड सुटली की तो खाली रुजे आणि त्याखालचे चित्रबिंदू कायमचे जात. फोटोशॉपमध्ये लेयर आले ते १९९४ च्या ३.० आवृत्तीत. तेवढ्यावरून अनेक पाठ्यपुस्तके त्यालाच जनक मानतात. मात्र फोव्ह मातिस या विंडोजवरील प्रोग्राममध्ये स्वतंत्र थर त्याआधी होते, आणि लाइव्ह पिक्चर या मॅकिंटॉशवरील प्रोग्रामचेही नाव या संदर्भात घेतले जाते. विक्रीस आलेल्या डेस्कटॉप प्रोग्रामपुरते पाहिल्यास फोव्ह मातिसला अग्रक्रम देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. कल्पनेचे जनकत्व मात्र अल्फा वाहिनीकडेच जाते.

मास्क : लेयरला जोडलेले करड्या छटांचे चित्र म्हणजे मास्क किंवा मुखवटा. पांढऱ्या जागी लेयर दिसतो, काळ्या जागी झाकला जातो, करड्या जागी अर्धवट दिसतो. गणित वर सांगितलेलेच. मास्कची छटा म्हणजे अल्फा. नवशिक्याचा हात खोडरबराकडे जातो, पण खोडलेले परत येत नाही आणि झाकलेले केव्हाही उघडता येते. मूळ चित्राला धक्का न लावता काम करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागावी, हे आग्रहाने सांगण्यासारखे आहे. १९९६ मध्ये फोटोशॉपच्या ४.० आवृत्तीत आलेल्या ॲडजस्टमेंट लेयरने हीच सोय उजेड आणि रंग यांनाही दिली.

मास्क मऊ कडेच्या ब्रशने, दहा ते वीस टक्के अपारदर्शकता ठेवून, अनेक हलक्या हातांनी रंगवावा. फोटोशॉप आणि गिंप (एक मुक्त प्रोग्राम) या दोहोंत ‘एक्स’ कळ दाबली की काळा-पांढरा यांची अदलाबदल होते, त्यामुळे चुकलेला फटकारा लगेच परतवता येतो. कडेची मऊपणा छायाचित्रातील कडेइतकीच हवी. चेहऱ्याची कड धारदार आणि मागे गेलेला खांदा धूसर असेल तर मास्कही तसाच पाहिजे. सर्वत्र सारखी कड ठेवली की आकृती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. केसांच्या कडेला जुन्या पार्श्वभूमीचा रंग उरतो. तो निवड कितीही काटेकोर केली तरी जात नाही, कारण त्या चित्रबिंदूंत दोन्ही रंग कॅमेऱ्यातच मिसळलेले असतात. तिथला रंगच बदलावा लागतो.

ब्लेंड मोड : वरच्या आणि खालच्या थराचा हिशेब कसा करायचा हे ब्लेंड मोड ठरवतो. काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे १ धरले, तर मल्टिप्लाय मोड दोन्ही किमतींचा गुणाकार करतो : ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५, म्हणून चित्र गडद होते. दोन स्लाइड (पारदर्शक फिल्मवरील चित्रे) एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरल्या तर हेच घडते. स्क्रीन मोडमध्ये दोन्ही किमती उलटवून गुणाकार करतात आणि उत्तर पुन्हा उलटवतात, ०.५ आणि ०.५ यांचे ०.७५ होतात. एकाच पडद्यावर दोन प्रोजेक्टर रोखल्यावर चित्र उजळते, तसा हा परिणाम. काटेकोर पाहिल्यास दोन प्रोजेक्टरांचा किंवा एकाच फिल्मवरील दोन एक्स्पोजरचा उजेड सरळ बेरजेने वाढतो. बेरीज १ च्या पुढे गेली की तपशील कोरा पडतो. स्क्रीनचे उत्तर १ ओलांडत नाही, म्हणून व्यवहारात तोच वापरतात.

ओव्हरले मोड खालची किंमत ०.५ हून कमी असेल तिथे मल्टिप्लायसारखा आणि जास्त असेल तिथे स्क्रीनसारखा वागतो. वरचा थर नेमका मध्यम करडा असेल तर चित्र जसेच्या तसे राहते. यातून एक सुंदर युक्ती निघते : मध्यम करड्याने भरलेला थर ओव्हरलेवर ठेवायचा आणि त्यावर पांढऱ्याने उजळ, काळ्याने गडद भाग रंगवायचे. मूळ चित्र न बिघडवता डॉज-बर्न साधते. सॉफ्ट लाइट हा याचाच सौम्य भाऊ, पण त्याचे सूत्र निरनिराळ्या प्रोग्राममध्ये निरनिराळे आहे. गिंपमध्ये तर एका जुन्या चुकीमुळे ओव्हरले निवडले तरी सॉफ्ट लाइटचेच गणित चाले. ते २०१८ च्या २.१० आवृत्तीत सुधारले गेले. त्यापूर्वीचे धडे ताडून पाहताना हे ध्यानात ठेवावे.

काही तंत्रे : दुहेरी प्रतिमेसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवरील गडद आकृती घ्यावी आणि तिच्यावर झाडाच्या फांद्या किंवा लाटा यांचे चित्र स्क्रीन मोडवर ठेवावे. पांढऱ्यावर स्क्रीनचा परिणाम शून्य, म्हणून वरचे चित्र फक्त आकृतीच्या आत उमटते. पार्श्वभूमी मळकट असेल तर ते बाहेरही सांडते. आधी लेव्हल्स (गडद-उजळ मर्यादा ठरवणारे साधन) वापरून ती कोरी पांढरी करावी.

ऑर्टन परिणाम हा मायकेल ऑर्टन या छायाचित्रकाराने १९८० च्या दशकात रूढ केला. जादा उजेड दिलेल्या दोन स्लाइड, एक धारदार आणि एक धूसर, तो एकमेकींवर ठेवत असे. संगणकावर चित्र उजळून त्याची प्रत काढावी, प्रत गॉशियन ब्लरने धूसर करावी आणि मल्टिप्लाय मोडवर ठेवावी. धुके, पाने आणि पाणी यांना तो शोभतो, इमारतींना क्वचितच.

जुन्या हातरंगाईसारखे काम करायचे तर कृष्णधवल चित्रावर कलर मोडचा कोरा थर घेऊन रंग भरावेत. रंगछटा आणि रंगाचा गाढपणा वरून येतो, उजेड खालच्या चित्राचाच राहतो, त्यामुळे चेहऱ्यावरील छाया पुसली जात नाही. ग्रेडियंट मॅप उजेडाच्या प्रत्येक पातळीला वेगळा रंग देतो : सावल्या निळ्या, उजळ भाग पिवळसर, असा भाव दोन क्लिकांत पालटतो. सारे चित्र कृष्णधवल करून एकच वस्तू रंगीत ठेवणे नवशिक्यांना फार आवडते. ते मास्कचा चांगला सराव आहे. चित्र म्हणून त्याचा प्रभाव लवकर ओसरतो.

साबातिए परिणाम, म्हणजे अर्धवट उलटलेल्या छटा, कर्व्हला, म्हणजे उजेडाच्या पातळ्या बदलणाऱ्या आलेखरेषेला, इंग्रजी व्ही अक्षराचा आकार दिल्याने मिळतो. अंधारखोलीत तो डेव्हलप होत असलेल्या चित्रावर मध्येच उजेड पाडून मिळे. १८६० च्या दशकाच्या आरंभी आर्मां साबातिए याने त्याचे वर्णन केले. मॅन रे आणि ली मिलर यांनी १९३० च्या सुमारास त्याला कलेत आणले, आणि आरंभीच्या अपघाताचे श्रेय बहुधा मिलरकडे जाते. याला सोलरायझेशन म्हणण्याचा प्रघात असला तरी ती संज्ञा मुळात अतिप्रकाशाने छटा उलटण्याची. शिवाय खऱ्या प्रक्रियेत उजळ आणि गडद भागांच्या सीमेवर मॅकी रेषा उमटतात. त्या नुसत्या कर्व्हने मिळत नाहीत.

अनशार्प मास्क : धार वाढवणाऱ्या साधनाच्या नावात ‘धारहीन’ हा शब्द का, असा प्रश्न बहुतेकांना पडतो. निगेटिव्हपासून मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह काढून ती निगेटिव्हला जोडून छापत. धूसर प्रत मोठ्या भागांतील फरक कमी करी, बारीक तपशिलाला मात्र स्पर्श करत नसे. म्हणजे मास्क धारहीन, चित्र धारदार. या तंत्राची सुरुवात १९३० च्या दशकात जर्मनीत झाली असे म्हणतात. सविस्तर मांडणी मात्र जे. ए. सी. यूल याच्या १९४४ मधील लेखात सापडते. संगणकही मूळ चित्रातून त्याची धूसर प्रत अशीच वजा करतो. रेडियस (धूसरतेची व्याप्ती) एका चित्रबिंदूच्या आसपास ठेवल्यास कडा उठतात. तो चाळीस-पन्नासपर्यंत वाढवून अमाउंट (परिणामाचा जोर) दहा ते वीस टक्क्यांवर आणल्यास धुरकट दृश्याला उठाव येतो. धार सर्वांत शेवटी, चित्र अखेरच्या आकाराला आणल्यावर द्यावी.

जुळवणीचा विश्वसनीयपणा : दोन छायाचित्रे एकत्र करताना निवडीच्या कडेपेक्षा उजेडाची दिशा, सावलीचा मऊपणा आणि कॅमेऱ्याची उंची यांतील विसंगती लवकर डोळ्यांत भरते. सपाट जमिनीवर उभ्या आकृतीला क्षितिज जिथे छेदते, ती उंची कॅमेऱ्याची असते. दोन्ही चित्रांत ती जुळली की अर्धे काम झाले. पायाजवळची सावली गडद आणि रेखीव, दूर जाताना फिकी आणि मऊ असते. अखेरीस सर्व थरांवर फिल्मवर दिसतो तसा सारखाच बारीक कण (ग्रेन) पसरवला तर शिवण झाकली जाते.

सॉफ्टवेअर आणि फाइली : फोटोशॉपखेरीज गिंप हा मुक्त प्रोग्राम महत्त्वाचा आहे. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी तो बर्कली येथे विद्यार्थिदशेत १९९५ मध्ये लिहायला घेतला. पेंट डॉट नेट हाही २००४ मधील एका विद्यार्थी प्रकल्पातून निघाला. क्रिटाचा कल रंगकामाकडे, डार्कटेबलचा कॅमेऱ्याच्या कच्च्या (रॉ) फाइलींकडे. वरील तंत्रांपैकी बहुतेक गिंपमध्ये विनामूल्य करता येतात.

आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक वाहिनीला २५६ पायऱ्या असतात, सोळा बिटांत ६५,५३६. आकाशाचा उतरता रंग ताणताना पट्टे दिसू लागले तर कारण बहुधा हेच. जेपेग फाइल थर साठवत नाही आणि पुन्हा पुन्हा जतन केल्यास तपशील गमावते. काम चालू असेतो प्रोग्रामच्या स्वतःच्या प्रकारातच फाइल ठेवावी.

बातमीच्या छायाचित्राला ही तंत्रे लागू करता येत नाहीत. नॅशनल जिऑग्राफिकच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गीझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवण्यात आले, ते उभ्या चौकटीत बसावेत म्हणून. त्यावर मोठी टीका झाली. तेव्हा फोटोशॉप निघायला आठ वर्षे अवकाश होता.